विश्लेषण : फँटसी संमेलनाचे पाहुणे कोण ठरवणार, माणसे की चॅटजीपीटी?

विज्ञानकथा आणि फँटसी साहित्याच्या चाहत्यांसाठी ‘वर्ल्डकॉन’ म्हणजे वर्षातील सर्वांत मानाचे संमेलन. २०२५ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहरात ते भरले. मात्र पडदा उघडण्याच्या तीन महिने आधीच तिथे मोठा वाद झाला. मंचावर बसू इच्छिणाऱ्या लेखक-चित्रकारांची पार्श्वभूमी तपासण्यासाठी आयोजकांनी चॅटजीपीटीची मदत घेतली होती. हे उघड होताच राजीनामे आले, एका लेखकाने पुरस्काराच्या शर्यतीतून माघार घेतली आणि आयोजकांना माफी मागावी लागली. साहित्य संमेलनाच्या पाहुण्यांची यादी एवढी संवेदनशील का असते? हे पाहुणे निवडले कसे जातात? आणि यंत्राने ती तपासली तर बिघडते कुठे?

सिएटलमध्ये नेमके काय घडले?

१३ ते १७ ऑगस्ट २०२५ या काळात झालेल्या या संमेलनातील परिसंवादांत भाग घेण्यासाठी १,३०० हून अधिक जणांनी अर्ज केले होते. वर्ल्डकॉनचे आयोजन कोणतीही कंपनी करत नाही. नोकरी-धंदा सांभाळून वेळ देणारे स्वयंसेवक ते करतात. एवढ्या अर्जदारांपैकी कुणाचे नाव छळ, लैंगिक गैरवर्तन, वंशद्वेष किंवा फसवणुकीसारख्या प्रकरणात आले आहे का, हे पाहणे हे त्यांच्यापुढचे किचकट काम होते. त्यासाठी नावांची यादी चॅटजीपीटीला देऊन प्रत्येकाच्या इंटरनेटवरील नोंदींच्या आधारे माहिती काढण्यास सांगण्यात आले.

३० एप्रिल रोजी आयोजकांनी हे जाहीरपणे मान्य केले. आम्ही फक्त नावे दिली, मिळालेली माहिती माणसांनी तपासली, केवळ यंत्राच्या सांगण्यावरून कुणालाही वगळले नाही आणि यामुळे स्वयंसेवकांचे शेकडो तास वाचले, अशी त्यांची बाजू होती. ती फारशी कुणाला पटली नाही. ह्युगो पुरस्कारांचे प्रशासक, उपप्रशासक आणि संबंधित विभागप्रमुख अशा तिघांनी राजीनामे दिले. लेखक यून हा ली यांनी ‘मूनस्टॉर्म’ ही कादंबरी किशोर साहित्याच्या ‘लोडस्टार’ पुरस्काराच्या अंतिम यादीतून मागे घेतली. अखेर आयोजकांनी माफी मागितली, चॅटजीपीटीला दिलेली सूचना प्रसिद्ध केली आणि तपासणीचे हे काम बाहेरच्या नव्या स्वयंसेवकांकडून यंत्राशिवाय पुन्हा करून घेण्याची घोषणा केली.

‘सन्माननीय अतिथी’ आणि इतर सहभागी यांत फरक काय?

अशा संमेलनात मंचावर येणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन स्तर असतात. पहिला ‘सन्माननीय अतिथी’. सिएटलमध्ये कादंबरीकार मार्था वेल्स, चित्रकार डोनाटो जियानकोला, गायक-संगीतकार अलेक्झांडर जेम्स अॅडम्स आणि अवकाश अभियंता ब्रिजेट लँड्री यांना हा मान होता. वेल्स यांनी १९९३ पासून फँटसी लिहिली. त्यांची ‘मर्डरबॉट’ मालिका आता पडद्यावरही आली आहे. जियानकोला टोल्किनच्या विश्वावरील तैलचित्रांसाठी आणि ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातील चित्रांसाठी ओळखले जातात. हा मान एखाद्या पुस्तकासाठी नव्हे, तर आजवरच्या एकूण कामासाठी दिला जातो. प्रवास आणि निवासाचा खर्च आयोजक करतात. मानधन मात्र सहसा नसते.

दुसरा स्तर परिसंवादात बोलणारे, कथावाचन करणारे आणि कार्यशाळा घेणारे यांचा. सिएटलची तपासणी या स्तरासाठी होती. ही मंडळी बहुधा स्वतःच्या खर्चाने येतात आणि संमेलनाचे सभासदत्वही स्वतःच घेतात. संमेलनाच्या हिशेबात शिल्लक उरली, तर सभासदत्वाचे पैसे परत करण्याची वर्ल्डकॉनची परंपरा आहे. म्हणजे खिशाला चाट लावून, फुकट बोलायला आलेल्या माणसाची ही ‘चौकशी’ होती. लोक का चिडले, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

व्यावसायिक ‘कॉमिक कॉन’पेक्षा हे वेगळे कसे?

व्यावसायिक कॉमिक कॉनमध्ये चित्रपट-मालिकांतील कलाकार हे मुख्य आकर्षण असते. त्यांना मानधन मिळते, त्यांच्यासोबत फोटो आणि स्वाक्षरीसाठी चाहते स्वतंत्र पैसे मोजतात. तिथे पाहुणा आणि प्रेक्षक यांच्यात दोरी बांधलेली असते.

साहित्यकेंद्री फँटसी संमेलनात ही दोरी नसते. इथे तिकीट नसते, सभासदत्व असते आणि पाहुणाही सभासदच मानला जातो. लेखक सकाळी परिसंवादात बोलतो, दुपारी रांगेत उभ्या असलेल्यांना पुस्तकांवर मोफत सह्या देतो आणि संध्याकाळी आठ-दहा वाचकांबरोबर एका टेबलाभोवती कॉफी घेत गप्पा मारतो. आज समोर खुर्चीत बसलेला वाचक पाच वर्षांनी पहिली कादंबरी घेऊन मंचावर दिसू शकतो. त्यामुळे मंचावर कोणाला बसवायचे हा केवळ कार्यक्रमपत्रिकेचा भाग राहत नाही; ‘आपल्यात कोण’ याचे उत्तर त्यातून दिले जाते.

पहिला मान चित्रकाराला कसा मिळाला?

पहिले वर्ल्डकॉन जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाले. सुमारे २०० लोक जमले होते. त्याचे सन्माननीय अतिथी लेखक नव्हते, तर चित्रकार होते : फ्रँक आर. पॉल. वास्तुकलेचे शिक्षण घेतलेल्या पॉल यांनी १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ या मासिकाच्या पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ काढले होते. अनेक वाचकांनी परग्रह, याने आणि आकाशातली शहरे आधी त्यांच्या चित्रांत पाहिली आणि मगच कथा वाचली. चाहत्यांनी पहिला मान त्यांना देऊन ते ऋण मान्य केले.

मात्र त्याच संमेलनात दुसरेही घडले. चाहत्यांच्या गटबाजीतून सहा तरुणांना दारातूनच परत पाठवण्यात आले. त्यांत फ्रेडरिक पोल आणि डोनाल्ड वोलहाइम होते. पुढे पोल मोठे लेखक-संपादक झाले आणि १९७२ च्या वर्ल्डकॉनमध्ये सन्माननीय अतिथी म्हणून बसले. वोलहाइम यांनी फँटसी व विज्ञानकथांसाठी ‘डॉ बुक्स’ ही प्रकाशन संस्था काढली आणि १९८८ मध्ये त्यांनाही तोच मान मिळाला. ‘आत कोण, बाहेर कोण’ हा वाद अशा रीतीने पहिल्या दिवसापासूनचा आहे. त्या वेळी निर्णय घेणारी माणसे समोर होती आणि त्यांच्याशी भांडता येत होते, एवढाच फरक.

चित्रकारांसाठी ही संमेलने महत्त्वाची का?

फँटसी पुस्तक हातात घेतले जाते ते बहुतेकदा मुखपृष्ठामुळे. तरी चित्रकाराचे नाव असते आतल्या पानावर, बारीक अक्षरात. संमेलनातील चित्रप्रदर्शन हे या चित्रकारांना स्वतःच्या नावाने भेटण्याचे ठिकाण असते. मूळ चित्रे जाळीच्या फलकांवर टांगली जातात. प्रत्येकाखाली एक कागद असतो. घ्यायचे असेल त्याने आपली बोली त्यावर लिहायची. ठरावीक संख्येहून अधिक बोली आल्या, तर ते चित्र शेवटी जाहीर लिलावात जाते. विक्रीतील काही टक्के किंवा जागेचे भाडे संमेलनाला मिळते, उरलेले चित्रकाराला.

त्याहून मोठा लाभ ओळखींचा. प्रकाशन संस्थांचे कलासंचालक अशा प्रदर्शनांत फिरतात आणि पुढच्या मुखपृष्ठाचे काम तिथे ठरू शकते. म्हणूनच कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा या मंडळींच्या पोटाशी येतो. जानेवारी २०२३ मध्ये कार्ला ऑर्टिझ यांच्यासह तीन चित्रकारांनी चित्रे तयार करणाऱ्या कंपन्यांवर अमेरिकेत दावा दाखल केला. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘ऑथर्स गिल्ड’ आणि जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्यासह १७ लेखकांनी चॅटजीपीटीची निर्माती ओपनएआयवर दावा केला. आमची पुस्तके न विचारता वापरून हे मॉडेल शिकवले, असा त्यांचा आक्षेप. आपल्या लिखाणावर परवानगीशिवाय पोसले गेलेले यंत्रच आता आपले चारित्र्य तपासणार, ही भावना सिएटलच्या संतापामागे होती.

नावावरून तपासताना यंत्र कुठे चुकते?

चॅटजीपीटीसारखे भाषिक मॉडेल म्हणजे माहितीचे कपाट नाही. आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशेबावर ते वाक्य जुळवते. इंटरनेट शोधाची जोड दिली तरी सापडलेल्या मजकुराचा सारांश ते याच पद्धतीने लिहिते. प्रसिद्ध लेखकाबद्दल भरपूर मजकूर असल्याने उत्तर बरेचदा बरोबर येते. पहिलेच पुस्तक आलेल्या लेखिकेबद्दल मजकूर तुटपुंजा असतो. अशा वेळी रिकामी जागा अंदाजाने भरली जाण्याचा धोका वाढतो.

दुसरी अडचण नामसाधर्म्याची. ‘अमित पाटील’ हे नाव महाराष्ट्रात किती जणांचे असेल, याचा विचार केला तरी पुरे. केवळ नाव दिले तर एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या खात्यावर चढू शकतो.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील महापौर ब्रायन हूड यांच्याबाबत चॅटजीपीटीने ते लाचखोरीत दोषी ठरून तुरुंगात गेल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात हूड यांनीच ते लाच प्रकरण उघडकीस आणले होते. त्यांचे नाव आणि ‘लाच’ हा शब्द अनेक बातम्यांत शेजारी-शेजारी होता, पण तक्रारदार कोण आणि आरोपी कोण हे यंत्राने उलटे केले. मार्च २०२५ मध्ये नॉर्वेतील एका नागरिकानेही अशीच तक्रार दाखल केली : आपण मुलांचा खून केल्याची धादांत खोटी कथा चॅटजीपीटीने रचली, अशी. संमेलनाच्या संदर्भात याचा अर्थ सरळ आहे. छळाविरुद्ध आवाज उठवणाऱ्या लेखिकेचे नाव ‘छळ’ या शब्दाजवळ सर्वाधिक वेळा आलेले असते.

आकड्यांचे गणित काय सांगते?

आयोजकांच्या सांगण्यानुसार, तपासणीत आधी ठाऊक नसलेल्या माहितीमुळे पाचपेक्षा कमी जणांना निमंत्रण नाकारले गेले. म्हणजे १,३०० अर्जदारांत खरी अडचण असलेले फार तर चार. आता समजा, यंत्र १०० पैकी फक्त दोन निर्दोष लोकांवर चुकून बोट ठेवते. ऐकायला ही चूक किरकोळ वाटते. पण १,३०० चे दोन टक्के म्हणजे २६. चार खऱ्या नावांच्या यादीत २६ निरपराध नावे मिसळली जातील. शोधायची गोष्ट जितकी दुर्मीळ, तितके खोटे इशारे जास्त, हा संख्याशास्त्रातील जुना नियम आहे.

‘नंतर माणसाने तपासले’ हा युक्तिवादही पुरता सुटत नाही. खोट्या इशाऱ्यांचा पुन्हा शोध घ्यावाच लागतो, म्हणजे वाचलेला वेळ काही अंशी परत जातो. शिवाय यंत्राने ज्यांच्याबद्दल ‘काही आढळले नाही’ असे सांगितले, त्यांच्याकडे कुणी पुन्हा पाहत नाही. खरा गुन्हेगार तिथून निसटू शकतो.

मग तपासणी करूच नये का?

असे नाही. तपासणीची मागणी लेखकांकडूनच आली आहे. संमेलनांतील छळाच्या तक्रारींनंतर जुलै २०१३ मध्ये लेखक जॉन स्कॅल्झी यांनी जाहीर केले, की छळविरोधी स्पष्ट नियम नसलेल्या संमेलनाचे पाहुणेपद आपण स्वीकारणार नाही. हजारहून अधिक जणांनी त्याला पाठिंबा दिला. पाहुणा होण्यास नकार देण्याची ताकदही किती असते, हे त्यातून दिसले.

पाहुण्यांची निवड चुकली की काय होते, याचीही उदाहरणे आहेत. चीनमधील चेंगडू येथे २०२३ मध्ये झालेल्या वर्ल्डकॉनने रशियन फँटसी लेखक सर्गेई लुक्यानेन्को यांना सन्माननीय अतिथी जाहीर केले होते. युक्रेनवरील आक्रमणाचे त्यांनी उघड समर्थन केल्याने जगभरातून निषेध झाला. त्याआधी २०१८ मध्ये सॅन होजे येथील वर्ल्डकॉनची कार्यक्रमपत्रिका आली तेव्हा पुरस्काराच्या अंतिम यादीतील काही नव्या लेखकांनाच परिसंवादांत स्थान नव्हते. तेव्हा काही नामवंत लेखकांनी आपल्या जागा नव्यांसाठी सोडल्या. लेखिका मेरी रॉबिनेट कोवाल यांनी चमू जमवून संमेलनाच्या तोंडावर कार्यक्रम नव्याने बांधला. ती दुरुस्ती माणसांनी माणसांना फोन आणि ईमेल करून केली होती.

दिवंगत लेखकही ‘पाहुणा’ असू शकतो?

‘वर्ल्ड फँटसी कन्व्हेन्शन’चा इतिहास पाहिला तर उत्तर ‘हो’ असे येते आणि त्या वादाचा एक धागा थेट पुण्यापर्यंत पोहोचतो. हे संमेलन १९७५ मध्ये प्रॉव्हिडन्स या शहरात सुरू झाले. भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांचे हे गाव. त्यांचे निधन १९३७ मध्ये झाले होते. तरी व्यंगचित्रकार गॅहन विल्सन यांनी घडवलेला त्यांचा मुखवटावजा पुतळा पुढची ४० वर्षे वर्ल्ड फँटसी पुरस्कार म्हणून दिला जात होता. म्हणजे लव्हक्राफ्ट या संमेलनाचे कायमचे पाहुणेच होते.

त्यांच्या लेखनात कृष्णवर्णीयांविषयी उघड द्वेष आहे. २०११ मध्ये नायजेरियन वंशाच्या एन्नेडी ओकोराफोर यांना कादंबरीसाठी हा पुरस्कार मिळाला आणि ज्याने आपल्या लोकांना तुच्छ मानले त्याचा चेहरा घरात कसा ठेवायचा, हा पेच त्यांनी मांडला. २०१४ च्या विजेत्या सोफिया समतार यांनी मंचावरूनच या मुद्द्याला हात घातला. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो पुतळा बंद करण्याचा निर्णय झाला.

या निर्णयाला सर्वांत तीव्र विरोध केला तो एस. टी. जोशी यांनी. पुण्यात जन्मलेले सुनंद त्र्यंबक जोशी हे लव्हक्राफ्टच्या साहित्याचे जगातील आघाडीचे अभ्यासक आणि चरित्रकार. त्यांनी स्वतःला मिळालेले दोन वर्ल्ड फँटसी पुरस्कार परत केले. लेखकाच्या मतांसाठी त्याच्या साहित्यिक कर्तृत्वाचा मान काढून घेऊ नये, अशी त्यांची भूमिका. भारतीय वंशाच्या अभ्यासकाने लव्हक्राफ्टची बाजू घ्यावी, हे या वादाचे एक वैशिष्ट्य. झाड आणि पूर्णचंद्र असलेली नवी मूर्ती २०१७ मध्ये आली. त्या वर्षीच्या संमेलनात प्रमुख भाषण मार्था वेल्स यांचे होते. ज्या स्त्रिया आणि गौरेतर कलावंत इतिहासातून पुसले गेले, त्यांना पुन्हा उजेडात आणण्याविषयी त्या बोलल्या. त्याच वेल्स सिएटलच्या सन्माननीय अतिथी होत्या.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल का?

नक्कीच. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले. अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली, महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि उद्घाटन शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांनी केले. एका पाहुणीच्या नावावरून संपूर्ण संमेलनाची ओळख बदलली. तिथे निदान निर्णयाची जबाबदारी कुणाची, हे विचारता आले. ‘यादीतून नाव यंत्राने काढले’ असे उत्तर मिळाले, तर जाब कुणाला विचारणार?

यातून मार्ग काय?

पहिला मार्ग सांगून तपासण्याचा. अर्ज भरतानाच ‘आम्ही तुमची माहिती अशी-अशी पाहू’ हे स्पष्ट लिहिले, तर ज्याला मान्य नाही तो अर्ज करणार नाही. दुसरा, उत्तर देण्याची संधी. कुणाबद्दल काही आढळले, तर निर्णयाआधी त्याला विचारले पाहिजे. तिसरा, ओळखीचा. या विश्वात लोक एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात. मागील संमेलनांच्या आयोजकांना विचारलेला एक प्रश्न शंभर शोधांपेक्षा उपयोगी ठरू शकतो. मात्र त्यातून जुनी गटबाजी शिरणार नाही, हेही पाहावे लागेल.

राहिला वेळेचा प्रश्न. एका नावासाठी १५ मिनिटे धरली, तर १,३०० नावांना ३२५ तास लागतात. ५० स्वयंसेवकांत वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेसहा तास येतात. फुकट राबणाऱ्या माणसांसाठी हेही थोडे नाही, हे मान्य करावे लागेल. पण स्वतःच्या खर्चाने दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशातून बोलायला येणाऱ्या लेखकासाठी कुणीतरी १५ मिनिटे काढून त्याचे नाव, त्याचे काम नीट वाचले असेल, एवढी अपेक्षा तो ठेवणारच. सिएटलच्या आयोजकांनीही अखेर तपासणी पुन्हा माणसांच्या हाती दिली.